ऑइलझॅपर : तेल पचवणाऱ्या जिवाणूंची भुकटी

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजे एकमेकांवर आदळली, शेकडो टन तेल समुद्रात सांडले आणि किनाऱ्यावरच्या तिवरांवर काळा थर बसला. अशा किनाऱ्यासाठी ‘टेरी’ (द एनर्जी अँड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट) या संशोधन संस्थेने विकसित केलेले ऑइलझॅपर मला मोलाचे वाटते. तेलातील निरनिराळे घटक पचवणारे जिवाणू दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांच्या भुकटीत मिसळून ते तयार होते, आणि हे जिवाणू तेलाचे रूपांतर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड व पाण्यात करतात. रासायनिक फवारणीचे तसे नाही. तिने तेलाचे बारीक थेंब होऊन तवंग दिसेनासा होतो, पण ते तेल मासळीच्या वाट्याला येतेच.

मर्यादा मात्र नीट समजून घ्यावी. जिवाणूंना आठवडे, कधी महिने लागतात, त्यामुळे भरतीबरोबर येणारा तवंग अडवायला तरंगते बांध आणि तेल उपसणारी यंत्रेच आधी हवीत. खोल चिखलात प्राणवायू पोहोचत नसल्याने तिथले तेल फार सावकाश विघटित होते. तरीही, फावडे चालवले तर तिवरांची चिखलातून वर येऊन हवा घेणारी मुळेच तुटतील अशा जागी मी हाच सौम्य उपाय निवडेन.