वाढत्या मापाचे स्केट्स की पायाच्या मापाचे?

मुलांचे कपडे आपण वाढत्या अंगाचे घेतो. युनिफॉर्म दोन बोटं सैल, पावसाळी बूट एक नंबर मोठे. इनलाइन स्केट्स, म्हणजे एका रांगेत चाकं असलेले स्केट्स, घेताना मात्र ही सवय घरी ठेवा. माझ्या मुलीला सातव्या वर्षी मी असेच एक नंबर मोठे स्केट्स घेतले. "पुढच्या वर्षीही चालतील, ताई," असं दुकानदार म्हणाला आणि मला ते पटलं. दोन-दोन मोजे घालूनही तिची टाच आत उचलली जायची, घोटे आत कलायचे. तीन महिने ती पोर "मला जमतच नाही" म्हणत राहिली, आणि दोष सगळा मापाचा होता.

वाढतं माप हवंच असेल तर त्यासाठी ॲडजस्टेबल स्केट्स आहेत. बाजूचं बटण दाबलं की पुढचा भाग एकेक खाच सरकतो आणि एका जोडीत ३३ ते ३६ असे तीन-चार नंबर बसतात. शाळकरी वयात पाय वर्षाला जवळपास एक सेंटीमीटर वाढतो, त्या हिशेबानं जोडी दोन वर्षं सहज निघते. मात्र बहुतेक मॉडेलमध्ये वाढते ती फक्त लांबी. टाचेची जागा आणि घोट्याभोवतीचा कफ, म्हणजे बुटाचा वरचा पट्टा, तेवढाच राहतो, त्यामुळे सगळ्यात लहान खाचेवर टाच जरा सैल वाटते. आजचा पाय दुसऱ्या खाचेवर नीट बसेल अशी जोडी मी निवडेन. शेवटच्या खाचेवर बसणारी घेतलीत तर काही महिन्यांत पुन्हा दुकानात जावं लागेल.

दुसरा पर्याय फिक्स मापाचा: बाहेर कडक शेल म्हणजे कवच, आत काढता येणारं लायनर म्हणजे मऊ अस्तर, खाली चाकं धरणारी, बहुधा ॲल्युमिनियमची फ्रेम. किंमत बरीच जास्त. पण हा बूट टाच आणि घोटा असा काही धरून ठेवतो की वळताना फरक पहिल्याच दिवशी कळतो. पाय वाढायचा थांबला असेल, म्हणजे मोठी मुलं आणि तुम्ही-आम्ही, तर माझ्या मते दुसरा विचारच करू नये.

फिक्स घेताना माप काटेकोर हवं. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, टाच भिंतीला लावून कागदावर उभं राहा आणि दोन्ही पायांची लांबी मिलिमीटरमध्ये मोजा. जो पाय मोठा, तो धरायचा. बुटाचा नंबर प्रत्येक कंपनीचा वेगळा, म्हणून त्यांचा मिलिमीटरचा तक्ताच बघा. मग लायनर बाहेर काढा, पाय नुसत्या शेलमध्ये घाला आणि बोटं पुढे टेकवा. टाचेमागे एक बोट, म्हणजे एक ते दीड सेंटीमीटर जागा राहिली तर बरोबर. दोन बोटं आरामात गेली तर शेल मोठं आहे. ॲडजस्टेबलमध्ये लायनर बरेचदा शिवलेलं असतं, तिथे गुडघे वाकवून बघायचं: सरळ उभं असताना बोटं पुढे हलकी टेकावीत, गुडघे वाकवले की मागे सरकावीत. उभं असताना बोटं टेकली की घाबरून लोक मोठा नंबर मागतात, आणि चूक तिथेच होते.

एक सावधगिरी. २०२३ मध्ये हांग्झाउला झालेल्या एशियाडमध्ये भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी स्पीड स्केटिंगच्या ३००० मीटर रिलेत ब्रॉंझ आणलं. स्पीडवाल्यांचे ते घोट्याखाली संपणारे बूट दिसायला फार सुंदर असतात आणि मुलं तेच मागतात. घोट्यात ताकद येईपर्यंत ते नकोत. स्केटिंग शिकवणारे सर सांगतील तेव्हा घ्या.

बूट पायात रुळण्याच्या बाबतीत ॲडजस्टेबल जिंकतात. मऊ असतात, पहिल्या दिवसापासून चालतात. कडक शेल पहिले आठ-दहा तास त्रास देतं. घरातच, बसून किंवा सतरंजीवर उभं राहून, रोज वीस-तीस मिनिटं घाला. पातळ आणि लांब मोजे घाला, जाड नकोत. टाच जमिनीवर आपटून मागे बसवायची, मग लेस, मग घोट्यावरचा तिरका पट्टा, शेवटी वरचं बकल. सगळीकडून सारखा दाब येत असेल तर लायनर पायावर बसलं की तो कमी होतो. घोट्याच्या हाडावर एकाच ठिकाणी कळ येत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील तर आधी लेस सैल करा. तरी थांबलं नाही तर बूट बदलून घ्या.

चाकं आणि बेअरिंग (चाकाच्या मधली, छर्ऱ्यांवर फिरणारी कडी) यांची देखभाल दोन्हींत सारखीच. चाक समोरून बघा: आतली कड घासून तिरकी झालेली दिसेल. ॲलन कीनं (षटकोनी किल्लीनं) खोला, पहिलं तिसऱ्याच्या जागी, दुसरं चौथ्याच्या जागी, आणि घासलेली बाजू बाहेर करून बसवा. बेअरिंग ६०८ नावाचं, एका चाकात दोन, म्हणजे चार चाकांच्या जोडीत सोळा. पावसात भिजले तर त्याच संध्याकाळी काढून पुसा, नाहीतर दोन दिवसांत गंज धरतो आणि चाक फिरवलं की किरकिर ऐकू येते. नुसता गंज सोडवायचा स्प्रे मारू नका, त्यानं आतलं ग्रीस निघून जातं. रॉकेलमध्ये धुऊन, पूर्ण वाळवून, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो.

फरक पडतो तो लायनरमुळे. आपल्या जुलै-ऑगस्टमध्ये शिवलेलं लायनर चार-चार दिवस ओलं राहतं आणि त्याला वास धरतो. काढता येणारं लायनर पंख्याखाली रात्रीत वाळतं. शिवलेल्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभरानं बदला. स्वस्त ॲडजस्टेबलची फ्रेम रिव्हेट मारलेली असते, ती वाकली तर अख्खी जोडी गेली. फिक्समध्ये फ्रेम, बकल, लायनर सुटं मिळू शकतं, घेतानाच विचारून ठेवा.

जुनी जोडी कुणाला द्यायची असेल तर मात्र ॲडजस्टेबल बरी. लेकीची दुसरी जोडी आता तिच्या मावसभावाच्या पायात आहे, दुसऱ्या खाचेवर. फिक्स बुटाचं लायनर पहिल्या पायाच्या आकाराचं होऊन बसतं, ते शेल दुसऱ्याला द्यायचं तर आत नवं लायनर घालूनच द्या.