खाटेखालची बॅटरी तापते: पुन्हा ट्युब्युलर घ्यावी की लिथियम?

राहण्या-झोपण्यासाठी बनवून घेतलेल्या व्हॅनमधली केबिनची (दिवे, फ्रिज, मिक्सर चालवणारी) बॅटरी तापायला लागली की माणूस पहिल्यांदा दुकान गाठतो. मीही निघालो होतो. माझ्या टेम्पो ट्रॅव्हलरचं वायरिंग कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या ज्या मिस्त्रींनी केलं, त्यांनी मला वाटेतच अडवलं. एक हात बॅटरीच्या पोटावर ठेवला, दुसरा टर्मिनलजवळ नेला आणि झटकन मागं घेतला. "मालक, बॅटरी गार हाय. लग तापलाय. हिला कशाला शिव्या घालताय?" लग म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवलेलं धातूचं कडं.

झालं होतं असं, की बायकोला व्हॅनमध्येसुद्धा तांबड्या रश्श्याचं वाटण मिक्सरवर लागतं. साडेसातशे वॅटचा मिक्सर इन्व्हर्टरवर लावला की बारा व्होल्टच्या बाजूनं ६०-६५ अँपिअर सहज जातात. लग नीट दाबलेला नसेल, नट अर्धा फेरा ढिला असेल, तर तेवढ्या एका सांध्यावर ३०-४० वॅटची उष्णता तयार होते, म्हणजे चालू सोल्डरिंग आयर्नच टर्मिनलला टेकवून ठेवल्यासारखं. लग कापून नवा लावला, हायड्रॉलिक क्रिम्परनं दाबून घेतला आणि प्रकरण तिथंच मिटलं. तेव्हा पुढचं वाचण्याआधी तुमचं नेमकं काय तापतंय ते हातानं बघा. टर्मिनल तापत असेल तर बॅटरीचा दोष नाही. सहापैकी एकाच सेलची बाजू गरम लागत असेल तर तो सेल चालला. आणि सगळं पोटच तापलं असेल तर चार्जिंग जास्त होतंय किंवा बॅटरी म्हातारी झाली आहे. शेवटच्या दोन प्रकारांत खर्च आहे, आणि हा लेख तेवढ्यापुरताच आहे.

दुसऱ्या वेळी माझी खरोखरच तापली. मालवणच्या बाजूला एका लॉजच्या आवारात व्हॅन लावली होती. त्यांच्या प्लगवर आमचा चार्जर, वर आम्ही तिघं झोपलेले, खाली दीडशे अँपिअर-अवरची ट्युब्युलर, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला असते ती पाणी टाकायची शिसं-आम्लाची बॅटरी. रात्री दोनच्या सुमारास बायकोनं हलवलं. "अहो, अंडी नासलीत वाटतं." मी अंड्यांचा ट्रे बाहेर नेऊन ठेवला. मग संशय सुकटीच्या पिशवीवर गेला, तीही बाहेर. वास काही जाईना. खाटेची फळी उचलली तर खालून भट्टीसारखी वाफ तोंडावर आली आणि बॅटरीच्या आत पाणी उकळल्यासारखी बुडबुड ऐकू येत होती.

इथं एक चूक माझ्या हातून होता होता राहिली, ती सांगतो. पहिली ऊर्मी होती दिवा लावून टर्मिनल सोडवायची. असल्या बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडत असतो. हवेत तो चार टक्के झाला तरी एक ठिणगी पुरते, आणि टर्मिनल काढताना ठिणगी पडतेच. आधी बाहेर जाऊन भिंतीतला प्लग काढायचा. दारं-खिडक्या सताड उघडायच्या. आतला कुठलाही स्विच चालू-बंद करायचा नाही. बॅटरीवर पाणी ओतायचं नाही, झाकणं उघडायची नाहीत. पोरीला कडेवर घेऊन आम्ही उजाडेपर्यंत लॉजच्या पायऱ्यांवर बसलो.

दुसऱ्या दिवशी गार झाल्यावर हायड्रोमीटर लावला, म्हणजे प्रत्येक सेलमधल्या आम्लाची घनता (ग्रॅव्हिटी) मोजली. पाच सेलांची ग्रॅव्हिटी १२७० च्या वर, सहाव्याची ११००. त्याची प्लेट शॉर्ट झाली होती आणि पाणीही प्लेटांच्या खाली गेलं होतं. चार्जर बिचारा सहा सेलांसाठीचे १४.४ व्होल्ट देत राहिला, ते पडले पाचांवर. प्रत्येकाला २.४ च्या जागी जवळजवळ २.९. मग ते उकळणार नाहीत तर काय? अर्धा दोष माझा आहे, हेही कबूल करतो. पाणी बघायचं म्हणजे गादी काढा, फळी काढा, डबा सरकवा. दोन महिने मी तो कंटाळा केला होता.

घरी परत आल्यावर प्रश्न उभा राहिला तो तुमच्यासमोर आता आहे तोच.

ट्युब्युलरच्या बाजूनं बोलायचं तर तिला कोल्हापुरात माहेर आहे. दर दुसऱ्या घरात इन्व्हर्टरखाली तीच बसलेली असते, त्यामुळं कावळा नाक्यापासून गोकुळ शिरगावपर्यंत कुठंही गाडी लावा, ग्रॅव्हिटी बघणारा आणि पाणी टाकून देणारा माणूस भेटतो. बिघडली तर काय बिघडलं ते कळतं. मेली तरी शिशाच्या वजनावर पैसे परत येतात. माझी मेलेली बॅटरी दुकानदारानं काट्यावर ठेवली आणि नव्याच्या किमतीतून बरी रक्कम कापून द्यायची तयारी दाखवली. मोह झाला होता. वजनाचं म्हणाल तर ती उचलायला दोन माणसं लागतात आणि अर्ध्याखाली उतरवली की आयुष्य घटतं, म्हणजे दीडशेतली वापरायची पंचाहत्तरच. पण हे तुम्हाला माहीत असणार.

उन्हाचं गणित मात्र बहुतेक जण धरत नाहीत. १४.४ व्होल्ट हा आकडा २५ अंशांसाठीचा. बॅटरी ४० अंशांवर गेली की तोच आकडा १४ च्या आसपास खाली यायला हवा, नाहीतर रोजच थोडं जास्त चार्जिंग होत राहतं. त्यासाठी चार्जरला बॅटरीवर चिकटवायचा सेन्सर लागतो. घरगुती इन्व्हर्टरमध्ये तो सहसा नसतोच, माझ्यातही नव्हता. शिवाय दर दहा अंशांना बॅटरीचं आयुष्य अर्धं होतं असा जुना ठोकताळा आहे. एप्रिलमध्ये बंद व्हॅनच्या खाटेखाली काय होत असेल याचा हिशेब तुम्हीच करा. नवी ट्युब्युलर घेणार असाल तर सेन्सरवाला चार्जर आणि डब्यातून थेट बाहेर जाणारी हवेची नळी, या दोन गोष्टींशिवाय घेऊ नका. (एजीएम, म्हणजे शिशाचीच पण सीलबंद बॅटरी घ्यायचा सल्लाही मिळेल. पाणी टाकायला नको हे खरं, पण जास्त चार्जिंगनं उडालेलं पाणी परत टाकताही येत नाही. आपल्या उन्हात मी तिच्या वाट्याला गेलो नाही.)

लिथियमकडं मी जरा भीत भीतच गेलो. २०२२ च्या उन्हाळ्यात विजेवरच्या स्कूटर पेटल्याच्या बातम्या डोक्यात होत्या, आणि आता तीच वस्तू खाटेखाली ठेवायची! मग कळलं की लिथियममध्येही जाती आहेत. व्हॅनसाठी घ्यायची ती लिथियम आयर्न फॉस्फेट. ती सहजी पेट घेत नाही. अजिबात घेत नाही असं मात्र नव्हे. जुन्या स्कूटरचे सेल काढून बांधलेला स्वस्त पॅक कोणी देऊ केला तर दोन हात लांब राहा, त्यात कुठली जात निघेल सांगता येत नाही. आणि लिथियम फुगलेली दिसली किंवा तिच्यातून फुसफुस ऐकू आली तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका. माणसं बाहेर काढायची, लांब जायचं, १०१ ला फोन करायचा.

मी शंभर अँपिअर-अवरची घेतली. एका हातानं उचलून खाटेखाली सरकवली तेव्हा मिस्त्री म्हणाले, "ही बॅटरी हाय का डबा?" पैसे मात्र ट्युब्युलरच्या जवळपास दुप्पट गेले, वर डीसी टू डीसी चार्जरचे (गाडीच्या इंजिनकडून बॅटरीत जाणारी वीज आवरून धरणारा) वेगळे. तो चार्जर चैन म्हणून घेतला नाही. पहिल्या फेरीला मी तो टाळला होता. कोकणातून परतताना गगनबावड्याचा घाट चढता चढता बॉनेटमधून जळक्या वार्निशचा वास यायला लागला. लिथियम चार्जिंगला हावरट असते. अल्टरनेटरकडून (इंजिनवर फिरून वीज तयार करणारा) मिळेल तेवढं ओढून घेते. घाटात गाडी सावकाश चाललेली, वारा कमी, त्यात अल्टरनेटर भाजून निघतो. थोडक्यात, बॅटरी गार राहिली आणि ताप गेला अल्टरनेटरला. आता मध्ये ३० अँपिअरचा चार्जर बसवला आहे, तेवढ्यावर ओढणं थांबतं. हा खर्च धरूनच तुलना करा, दुकानातला नुसता बॅटरीचा भाव धरू नका.

लिथियमचा दुसरा जाच म्हणजे तिचं मौन. मे महिन्यात गाडी दुपारभर उन्हात बंद उभी होती. संध्याकाळी बघतो तर छपरावर सोलर असून चार्जिंग शून्य. फ्रिज चालू, दिवे चालू, पण आत एक अँपिअर जात नाही. वाटलं, गेले पैसे पाण्यात. तासाभरानं पोरीनं मोबाईलवर ॲप उघडलं तर त्यात सरळ लिहिलेलं, तापमान जास्त असल्यानं चार्जिंग थांबवलं आहे. आतलं बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, साधारण ५५-६० अंशांच्या घरात चार्जिंग तोडतं. रात्री गार झाल्यावर आपोआप परत सुरू झालं. ब्लूटूथ नसलेली घेतली असती तर मी काय केलं असतं कोण जाणे. बहुधा उद्यमनगरात जाऊन उगाच खोलून बसलो असतो. आणि खोलूनही उपयोग नाही, कारण आतलं बीएमएस बघणारा माणूस शोधावा लागतो. माझ्या ओळखीच्या एकाची बॅटरी वॉरंटीत कंपनीकडं गेली आणि तो महिनाभर व्हॅन दारात लावून बसला. ट्युब्युलर असती तर त्याच दिवशी बदलून मिळाली असती. कामासाठी रोज व्हॅन लागणाऱ्यानं हा मुद्दा हलका धरू नये.

इतकं सगळं असून माझं पारडं कुठं झुकलं ते तुमच्या लक्षात आलंच असेल, आणि कारण तसं क्षुल्लक आहे. मालवणनंतर तीन आठवडे मी उधारीवर आणलेली दुसरी ट्युब्युलर वापरली. बॅटरी चांगली होती, तिनं काहीही केलं नाही. पण मी रोज रात्री दोन-तीनदा उठायचो. फळीच्या फटीत नाक घालायचो, हात खाली घालून पोट गरम आहे का बघायचो, परत येऊन पडायचो. दाजीपूरला गेलो होतो. बाहेर गव्यांचं रान आणि मी आत बॅटरीचा वास घेत बसलेला. बायको म्हणाली, "तुम्ही फिरायला आलाय का राखण करायला?" शिसं तापत असताना स्वतःहून कधी थांबत नाही. चार्जर ढकलत राहतो, ती घेत राहते, आणि मध्ये पहारेकरी तुम्ही. लिथियम थांबते. कधी अवेळी थांबते, न सांगता थांबते, पण थांबते. मला अंधारात बसणं चालेल, पण रात्री दोनला नासक्या अंड्यांचा वास पुन्हा नको. लिथियम बसवल्यापासून मी रात्रीचा उठलो नाही, एवढंच माझं मोजमाप.

तुमची व्हॅन शनिवार-रविवार पन्हाळा-जोतिबा करून घरी सावलीत उभी राहत असेल, बॅटरी झोपायच्या जागेपासून लांब बाहेरच्या डब्यात असेल आणि महिन्याला पाणी बघायची शिस्त असेल, तर ट्युब्युलरमध्ये वाईट काही नाही. पैसे वाचतील, शिवाय अडल्यावर माणूस शेजारीच. तिच्यावरच झोपत असाल तर मात्र मी तरी दोनदा विचार करीन.

दोन्हीपैकी काहीही बसवा, पण मेन स्विच खाटेखाली ठेवू नका. माझा तिथंच होता, म्हणून त्या रात्री हाताशी असून उपयोगाचा नव्हता. आता तो मागच्या दाराच्या चौकटीला बाहेरून हात पोचेल असा आहे, सोलरचा तोडायचा स्विच त्याच्याच खाली. पोर नऊ वर्षांची आहे, पण डोळे मिटून दोन्ही बंद करून दाखवते.