बेळगावात बांधावं की कारवारला? तीन प्लॉट, परवान्याच्या नजरेतून

गणपती झाले की माझ्या टेबलासमोर एकच प्रश्न येऊन बसतो, माणसं तेवढी वेगळी. निवृत्तीचे पैसे आलेत, किंवा भावकीत वाटणी होऊन काहीतरी हाती लागलंय. आता महापालिकेच्या हद्दीत तीस बाय चाळीस फुटांचा प्लॉट घ्यावा, हिंडलगा-मंडोळीकडे पंचायतीत दोन गुंठे घ्यावेत, की सरळ कारवारला समुद्राजवळ घर बांधून दोन खोल्या पर्यटकांना द्याव्यात? मी नकाशे काढून ते मंजूर करून आणायचं काम करतो. शेजार, पाणी, मुलांची शाळा हे तुमचं तुम्ही बघालच. मी परवान्याचं सांगतो. तिन्ही ठिकाणच्या दरातला फरक बराचसा त्या कागदातच असतो.

शहरातल्या प्लॉटबद्दल फार बोलण्यासारखं नाही, आणि तेच त्याचं मोठं भाग्य. रामतीर्थनगर किंवा कुमारस्वामी लेआउटसारखा बुडाचा (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचा) लेआउट असला की एनए (जमिनीचं बिगरशेतीकरण) झालेलं असतं, लेआउट मंजूर असतो, महापालिकेत खाता (मिळकतीची नोंद) असतो. नकाशा इंजिनिअरमार्फत ऑनलाइन टाकायचा, फी भरायची, त्रुटी निघाली तर दुरुस्त करायची. भांडण होतं ते सेटबॅकवरून, म्हणजे घराभोवती मोकळ्या सोडायच्या जागेवरून. नकाशात सोडलेली जागा बांधताना जिन्याच्या किंवा बाथरूमच्या पोटात जाते, आणि 'सगळेच करतात' म्हणून मालक गवंड्याला खूण करतो. आजवर हे खपून गेलं. पण १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की बांधकाम पूर्ण झाल्यावर मिळणारा वापर परवाना पाहिल्याशिवाय वीज-पाणी जोडू नये आणि बँकांनीही तो तपासल्यावरच इमारतीवर कर्ज द्यावं. तेव्हापासून हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, खिडकीवर बांधकामासाठी घेतलेलं तात्पुरतं मीटर कायम करायला गेलेली माणसं हात हलवत परत येऊ लागली. लहान घरांना सवलत द्यायला सरकारनं सुरुवात केली आहे. तरी सवलतीच्या भरवशावर जिना बाहेर काढू नका.

पंचायतीचे दोन गुंठे

इथं मात्र थांबून वाचा. बेळगावची निम्मी मध्यमवर्गीय घरं याच चक्रातून गेली असावीत असं मला वाटतं.

मागच्या वर्षी एक गृहस्थ आले. आयुष्य मराठी शाळेत शिकवण्यात गेलेलं, कानडी बोलतात पण वाचताना अडखळतात. प्लॉटचा इसार देऊन झाला होता. म्हणाले, "उतारा हाय की हो, पंचायतीचा शिक्का आहे, फोटोसकट." कागद खरा होता. फक्त वरच्या बाजूला 'नमूने' या कानडी शब्दापुढे ११ आणि त्याला लागून 'ब' होता. एजंटनं त्यांना उतारा म्हणून तेवढाच दाखवला होता. खोटं काही बोलला नव्हता, एवढंच.

पंचायतीच्या ई-स्वत्तूमधून (मिळकत नोंदींच्या ऑनलाइन व्यवस्थेतून) निघणाऱ्या कागदांत नमुना ९ आणि ११-अ ही जोडी सरळ मिळकतीची: जुनं गावठाण, एनए होऊन मंजूर लेआउटमध्ये पडलेला प्लॉट, सरकारी घरकुलाची जागा. ११-ब वेगळा. जागा बिगरशेती वापरात आहे आणि तिच्यावर कर बसवला आहे, एवढंच तो सांगतो. कर भरून घेणं आणि बांधकाम मान्य करणं या दोन गोष्टी आहेत. बँकेच्या मॅनेजरला हा फरक झोपेतही कळतो. घेणाऱ्याला तो घर अर्धं झाल्यावर कळतो.

मागची साखळी अशी. शेतजमिनीचं एनए कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या कलम ९५ खाली डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसातून होतं. शहराभोवतीची बरीच गावं बुडाच्या नियोजन क्षेत्रात आहेत, तिथं लेआउट बुडानं मंजूर करायचा असतो. पंचायतीनं एकटीनं त्यावर शिक्का मारून भागत नाही. नंतर घर बांधताना पंचायतीचं लायसन्स लागतं आणि बुडाची बांधकाम सुरू करायची परवानगीही. शेतकरी एकरभर शेतात मुरूम टाकून रस्ता आखतो, दगड रोवतो आणि गुंठ्याचे तुकडे बाँडवर (नोंदणी न करता, नुसत्या स्टँप पेपरवर) विकतो, तेव्हा या साखळीतली एकही कडी जागेवर नसते. आता ई-खात्याशिवाय नोंदणीच होत नाही, त्यामुळे बाँडवरचा प्लॉट पुढं विकायचा तरी बाँडवरच.

"पुढं अक्रम-सक्रममध्ये होईल की नियमित" असंही सांगतात. अनधिकृत बांधकामं नियमित करायची ती योजना जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्थगित केली. तेव्हा ज्यांच्या बाळंतविड्याची ऑर्डर दिली होती, ती पोरं आता शाळेत जातात.

पंचायतीतच घ्यायचं असेल तर माझं मत गावठाणातल्या जुन्या घराकडे झुकतं. येळ्ळूर, कंग्राळीसारख्या गावांत पडकं का होईना, घर नंबर असलेलं. नमुना ९ मिळतो, नकाशा मंजूर होतो. त्रास होतो तो वारसांचा. चार भाऊ, एक पुण्याला, एक बहीण मिरजेला, सगळ्यांच्या सह्या हव्यात. पण सही न देणारा भाऊ समजावता येतो, नसलेलं एनए समजावता येत नाही. जमिनीचा तुकडा घेत असाल तर खरेदीआधी ११-ई नकाशा (विकायचा तुकडा मोजून दाखवणारा मोजणी खात्याचा नकाशा) मागा, आणि प्लॉटवर उभं राहून फोनवरच्या दिशांक ॲपमध्ये सर्वे नंबर पडताळा. पाच मिनिटांचं काम आहे.

खानापूरकडे बघणाऱ्यांनी 'तिथं आता घरच बांधता येणार नाही' या अफवेला घाबरू नये. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा (३१ जुलै २०२४ चा सहावा, कर्नाटकातलं क्षेत्र २०,६६८ चौ. किमी) साध्या घराला बंदी करत नाही. त्यातली बंदी २०,००० चौ. मीटर आणि त्यापुढच्या बांधकाम प्रकल्पांना आहे. जंगलाची हद्द आणि भीमगड अभयारण्याचा शेजार मात्र स्वतंत्रपणे तपासावा लागतो.

समुद्राची जागा

आता कारवार. इथं एनए, खाता, लायसन्स हे सगळं लागतंच, वर सीआरझेड (केंद्राचे किनारा नियमन क्षेत्राचे नियम) येतं. १९९१ साली पहिली अधिसूचना आली, मग २०११ ची, सध्या २०१९ ची. भरतीच्या रेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंत तिचा अंमल.

शहरी, आधीच बांधकाम झालेल्या भागात नियम त्यातल्या त्यात सोपा: आधीपासूनच्या रस्त्याच्या किंवा अधिकृत इमारतींच्या जमिनीकडच्या बाजूला बांधता येतं. गावांत तसं नाही. लोकवस्ती दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त असेल तर पहिले ५० मीटर बांधकामाला बंद, कमी असेल तर २०० मीटर. त्याच्या पुढच्या पट्ट्यात घर बांधता येतं, पण ९ मीटर उंची, तळमजला अधिक एक, आणि पारंपरिक हक्क-वहिवाटीच्या चौकटीत. हे शेवटचे शब्द दोनदा वाचा. मासेमाऱ्याच्या पोरानं घर वाढवणं त्यात सहज बसतं. बेळगावहून गेलेल्या माणसाचा नवा बंगला त्यात बसतो का, यावर फाईल अडू शकते. ३०० चौ. मीटरपर्यंतच्या स्वतःच्या राहत्या घराला किनारा प्राधिकरणाची शिफारस लागत नाही, स्थानिक संस्थाच परवाना देते. दलाल हेच वाक्य घोळून घोळून सांगतात. त्या संस्थेनं सीआरझेडच्या दृष्टीनं तपासूनच परवाना द्यायचा आहे, हे पुढचं वाक्य मात्र गिळतात.

मी स्वतः एकदा यात पडलो आहे. माजाळीच्या बाजूला एक जागा बघायला गेलो होतो, जानेवारीत, ओहोटीच्या वेळी. समुद्र चांगला अर्धा किलोमीटरच्या पलीकडे. मी मनातल्या मनात ५०० मीटर मोजले आणि पार्टीला "हरकत नाही" म्हणून मोकळा झालो. मागच्या कुंपणाला लागून खारफुटीची झुडपं होती, चिखलात खेकड्यांची बिळं होती, विहिरीच्या कठड्यावर पांढरा क्षार साचला होता. हे सगळं दिसत होतं आणि मी बघत नव्हतो. शेजारची म्हातारी अंगण झाडता झाडता म्हणाली, "पावसांत उदक हांगामेरेन येता." पावसात पाणी इथपर्यंत येतं. तिनं झाडूनं दाखवलेली जागा प्लॉटच्या मधोमध होती.

भरतीचं पाणी शिरतं त्या खाडीलाही सीआरझेड लागतं: काठापासून ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतकं, जे कमी असेल ते. काळी नदीच्या मुखाकडच्या गावांत अशा फाट्यांचं जाळं आहे. समुद्र दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, आणि भरतीची रेषा माझ्यासारख्याच्या डोळ्यानं ठरवू नका. मंजूर किनारा आराखड्याच्या नकाशावर आपला सर्वे नंबर कुठं पडतो ते कारवारच्या पर्यावरण खात्याच्या कार्यालयातून लेखी घ्या. इसार त्यानंतर.

"पंचायतीनं परवाना दिलाय" हे किनाऱ्यावर किती टिकतं, ते केरळात मरडूला दिसलं. तिथल्या चार टोलेजंग इमारतींना पंचायतीनं २००६ साली परवाने दिले होते. सीआरझेडचा भंग झाला म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं जानेवारी २०२० मध्ये दोन दिवसांत त्या स्फोटानं पाडल्या.

मग कोणी काय घ्यावं? वर्षभरात राहायला जायचंय, कर्ज काढायचंय, तर शहरातला लहान प्लॉट, दर जास्त असला तरी. पैसे कमी आणि सहा-आठ महिने थांबायची तयारी असेल तर गावठाण. ११-बवर मी कोणालाच हो म्हणत नाही. किनाऱ्यावर रिकामी जागा घेऊन नवं बांधणं हा तिन्हींत सर्वांत लांबचा आणि बेभरवशाचा रस्ता. खोल्या भाड्यानं द्यायचा विचार असेल तर जुनं कौलारू घर शोधा. आधीपासूनच्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा त्याच जोत्यावर, तेवढ्याच क्षेत्रात पुनर्बांधणी बंदीच्या पट्ट्यातही चालते, आणि जोतं-दर्शनी भाग न बदलता स्थानिकांना होमस्टेही करता येतो. बोअर मात्र गृहीत धरू नका. भरती रेषेच्या २०० मीटरच्या आत भूजल उपसण्यावर निर्बंध आहेत, सवलत आहे ती स्थानिक वस्तीच्या स्वतःच्या वापरापुरती.

माजाळीच्या त्या पार्टीनं प्लॉट सोडला. आता ते नवराबायको अंकोल्याकडचं एक कौलारू घर बघताहेत. मालकाला मी १९ फेब्रुवारी १९९१ च्या आधीच्या घरपट्टीच्या पावत्या शोधायला सांगितलं आहे. कर म्हणजे परवाना नव्हे हे खरंच, पण सीआरझेड यायच्या आधी घर उभं होतं हे दाखवायला तीच पावती कामी येते. देवघराच्या फळीवरच्या डब्यात १९८८ ची एक सापडली आहे. कडा वाळवीनं खाल्ल्यात, घर नंबर वाचता येतो.