चार बाथरूम आणि गच्चीवरचा हीट पंप: दिवाळी ते पावसाळा

नाशिकला गंगापूर रोडच्या आमच्या घरात चार बाथरूम आहेत आणि सकाळी सहा ते साडेआठ त्यातली तीन सतत चालू. खाली आजी आणि आई-अप्पा, वर आम्ही दोघं आणि दोन मुलं. घराचं काम काढलं तेव्हाच गरम पाण्याचं एकदाच काय ते नीट करून टाकू असं ठरलं आणि दिवाळीच्या तोंडावर गच्चीवर ३०० लिटरचा हीट पंप, म्हणजे हवेतल्या उष्णतेवर टाकीतलं पाणी तापवणारं मशीन, बसला. थंडी, उन्हाळा, पाऊस तिन्ही पाहून झालेत. मशीन चांगलं निघालं. पण एकाहून जास्त बाथरूमच्या घरात मशीनपेक्षा पाइपाला जास्त डोकं लावावं लागतं, आणि दुकानात त्यावर कोणी चकार शब्द काढत नाही.

आधी बाकीचे पर्याय का सोडले ते सांगतो. चार बाथरूमला चार गिझर हा सरळ मार्ग. पण घरगुती साठवणीचा गिझर साधारण २ किलोवॉटचा, म्हणजे एकटा नऊ अँपिअरच्या आसपास ओढतो. चारही लागले की ८ किलोवॉट. सिंगल फेजवर ते झेपत नाही, थ्री फेज घ्या, मंजूर भार वाढवा, ही सगळी भानगड आली.

गॅस गिझर अप्पांनीच हाणून पाडला. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा धोका. ना वास, ना रंग, माणूस कधी बेशुद्ध पडला ते कळतही नाही. बाहेरच्या भिंतीवर, मोकळ्या हवेत लावला तर ठीक, पण मिनिटाला ६ लिटरवाला एका वेळी एकच बाथरूम सांभाळतो. माझा मावसभाऊ इंग्लंडमध्ये असतो. त्याच्याकडे घर तापवणारा आणि आंघोळीचं पाणी देणारा एकच गॅस बॉयलर आहे, ३० किलोवॉटचा. पाणी ३५ अंशांनी तापवायचं तर तोही मिनिटाला जेमतेम १२ लिटर देतो. वर कोणी शॉवर घेत असताना खाली भांडी घासायला नळ सोडला की वरून आरडाओरडा. तिकडेही दोन-तीन बाथरूमच्या घरात त्यामुळे गरम पाण्याची वेगळी टाकीच ठेवतात म्हणे.

राहिला सोलर. नाशिकला ऊन भरपूर आहे, पण जून ते सप्टेंबर ढगांचं राज्य, आणि तेव्हा सोलरच्या टाकीतली विजेची कॉइलच चालते. शिवाय आमच्याकडे बोअरचं पाणी मिसळतं आणि ते जड आहे. शेजारच्यांच्या सोलरच्या नळ्यांत साठलेला क्षाराचा थर मी हातात घेऊन पाहिलाय.

आता लिटरचा हिशोब. टाकीत ५० अंशांचं पाणी, नळाला २० अंशांचं, आणि आंघोळीला लागतं ४० च्या आसपास. म्हणजे मिसळलेल्या पाण्यात दोन भाग गरम, एक भाग गार. वीस लिटरच्या बादलीला तेरा-चौदा लिटर गरम पुरतं. शॉवर मिनिटाला आठ लिटरचा धरला तर आठ मिनिटांत चाळीसच्या वर गरम पाणी जातं. आमच्याकडे चार शॉवरवाले आणि तीन बादलीवाले, म्हणजे दोनशे दहाच्या आसपास. टाकीतलं सगळं पाणी काही कामाचं नसतं, खालून गार शिरत असतं, त्यामुळे तीनशेची टाकी बरोबर बसली. तो मोठा ताटाएवढा रेन शॉवर लावणार असाल तर मात्र हा हिशोब विसरा.

आणि आता पाइप. गच्चीवरून खालच्या बाथरूमपर्यंत आमची पाऊण इंची लाइन पंधरा-सोळा मीटर भरते. त्यात चार लिटरच्या वर पाणी उभं असतं आणि रात्रभरात ते गार होतं. म्हणजे पहाटे पाचला आजीने नळ सोडला की आधी ते सगळं वाहून जाणार. म्हणून प्लंबरला रिटर्न लाइन टाकायला लावली: शेवटच्या नळापासून एक बारीक पाइप परत टाकीकडे, त्यावर छोटा पंप आणि टायमर. पावणेपाचला पंप पाणी फिरवतो आणि आजीच्या नळाला लगेच गरम येतं. दिवसभर फिरवत ठेवू नका, पाइप म्हणजे उष्णता उधळायचं साधन होतं. गरम लाइनला सगळीकडे फोमचं वेष्टन हवंच, भिंतीत गाडण्याआधी. फरश्या बसल्यावर हे सुचून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट दाबाची. प्रेशर पंप फक्त गार लाइनवर बसवला तर शॉवरच्या मिक्सरमधून गार पाणी गरम लाइनमध्ये घुसतं आणि डोक्यावर कधी गार, कधी चटका. आमचा प्रेशर पंप गरम पाण्याच्या टाकीच्या आधी आहे, म्हणजे गरम-गार दोन्हींना दाब सारखा. अशा जोडणीत टाकीला हवेचा उघडा पाइप चालत नाही, जादा दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह लागतो.

थंडीतला अनुभव म्हणजे खरी परीक्षा. हीट पंप हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतो, त्यामुळे हवा जितकी गार तितका त्याचा जीव मेटाकुटीला. निफाडकडून गारठा सुटला की पहाटे मशीन रडतखडत चालतं. बसवणाऱ्याने टायमर पहाटे तीनचा लावून दिला होता. तो बदलून दुपारी बारा ते चार केला. दुपारी डिसेंबरमध्येही बाहेर ऊन असतं आणि पाणी भराभर तापतं. चारला ५५ अंश, सकाळी सहाला ५० ते ५१. रात्रीत एवढंच उतरतं. छतावर सोलर पॅनेल असतील तर याच वेळात वीजही घरचीच.

सबमीटरवर थंडीत दिवसाला साडेचार युनिटच्या आसपास पडले. तेवढंच पाणी गिझरवर तापवायचं तर दहा तरी लागले असते. एप्रिल-मेमध्ये विचारूच नका, गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणीच चटका देतं, मशीन नावापुरतं चालायचं.

तक्रारीही आहेत. आवाज येतो, बाहेरच्या एसीसारखा. बेडरूमच्या डोक्यावर ठेवू नका. खालून पाणी ठिबकतं, त्याला नळी लावून द्यावी लागते, नाहीतर गच्चीला शेवाळ. आणि विक्रीनंतरची सेवा दिव्य. जानेवारीत सेन्सर बिघडला, माणूस यायला आठवडा लागला. तेवढे दिवस टाकीतल्या इलेक्ट्रिक कॉइलवर भागवलं. कॉइल नसलेलं मॉडेल स्वस्त मिळतं, घेऊ नका.

चौथं बाथरूम, अंगणाकडचं, मी मुद्दाम या लाइनवर घेतलंच नाही. तिथे पाहुणे आले तरच कोणी जातं, त्यासाठी भिंतीत दहा मीटर पाइप कशाला? तीन लिटरचा छोटा इन्स्टंट गिझर तिथे बादलीला पुरतो. दोन माणसांच्या फ्लॅटला तर हा सगळा खटाटोप करूच नका, पंधरा लिटरचा स्टारवाला गिझर बास.

घेताना दुकानदाराकडून मॅग्नेशियमच्या रॉडची किंमत आणि बदलण्याची मजुरी बिलावर लिहून घ्या. टाकीचा पत्रा गंजू नये म्हणून हा रॉड स्वतः झिजतो, आणि जड पाण्यात लवकर झिजतो. आमचा दिवाळीनंतर उघडून बघणार आहे.