जोंगा, वन टन की शक्तिमान? जुनी मिलिटरी गाडी घेताना आणि इंदूरला आणताना

मिलिटरीची जुनी गाडी घेऊन नीट करायची असं ज्यांच्या डोक्यात बसलंय त्यांच्यासाठी लिहितोय. मी इंदूरचा, लोकमान्य नगरचा. लहानपणी सुट्टीत महूला मावशीकडे जायचो आणि गल्लीच्या टोकाला उभं राहून मिलिटरीच्या शक्तिमान ट्रकांची रांग मोजायचो, तो आवाज आणि तो डिझेलचा वास ज्याने घेतलाय त्याला ही हौस कुठून येते हे समजावून सांगावं लागत नाही. तीन वर्षांपूर्वी मी आणि माझ्या मामेभावाने जबलपूरहून एक निसान वन टन, म्हणजे मिलिटरीचा छोटा ट्रक, आणला. त्याआधी एका शक्तिमानच्या मागे चार महिने घालवले, आणि जोंगा, म्हणजे मिलिटरीची मोठी जीप, दोनदा हातातोंडाशी येऊन गेली. म्हणजे तिन्ही गाड्यांच्या खाली झोपून बघून झालंय.

एक गोष्ट आधीच सांगतो, गाडी शेवटून निवडा. उभी कुठे राहणार, कागद कुणाच्या नावावर कसा होणार, आणि घरापर्यंत येणार कशी, ही तीन उत्तरं आधी काढा, मग कोणती घ्यायची ते जवळजवळ आपोआप ठरतं. आम्ही उलटं केलं होतं, त्यात एक अख्खा हिवाळा गेला.

तिन्ही गाड्या जबलपूरच्याच, हा आपल्या मध्य प्रदेशवाल्यांचा मोठा फायदा. शक्तिमान म्हणजे जर्मनीच्या मान कंपनीच्या लायसन्सवर बनलेला ट्रक, 1959 मध्ये जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीतून सुरुवात झाली, पुढे तिथेच व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली आणि 1996 पर्यंत तो बनत राहिला. त्याची जागा अशोक लेलँडच्या स्टॅलियन आणि टाटाच्या एलपीटीए या ट्रकांनी घेतली. वन टन आणि जोंगा दोन्ही निसानच्या लायसन्सवरच्या. जोंगा हे नाव सुद्धा जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली याची आद्याक्षरं जोडून केलेलं आहे, बऱ्याच जणांना ते जपानी वाटतं. या गाड्या हातांनी खोललेले म्हातारे मिस्त्री अजून जबलपूरला सापडतात, आणि दिल्ली-पंजाबच्या कबाडीकडून सुटा पार्ट फोटोवर मागवण्यापेक्षा जबलपूरला जाऊन हातात घेऊन बघणं कधीही चांगलं.

आता जोंगा. सहा सिलिंडरचं 3956 सीसीचं पेट्रोल इंजिन, फोर बाय फोर, आकार मोठ्या जीपचा. कॉलनीतल्या गेटमधून आत येते, साध्या कार लायसन्सवर चालते, आणि प्रायव्हेट गाडी म्हणून आरसी असेल तर 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी रिन्यूअल, बस. बायको-मुलांना घेऊन पाताळपाणीला जायचं असेल तर तिघींत हीच. धोनीने 2019 मध्ये एक घेतली तेव्हापासून विचारणारे फार वाढलेत आणि विकणारे तसे भाव सांगतात. अडचण अशी की चांगल्या जोंगा आधीच कुणीतरी बिघडवून ठेवल्यात. पेट्रोल पितात म्हणून कित्येकांनी दुसऱ्या गाडीचं डिझेल इंजिन बसवलंय, आणि ते आरसीवर चढलेलं नसतं. मोटर वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे असा बदल परवानगीशिवाय चालत नाही. आम्ही बघितलेल्या दोन्ही जोंगांत हेच होतं, पहिल्यांदा तर मी टोकन द्यायला निघालो होतो, मामेभावाने बॉनेट उघडून इंजिन नंबर आरसीशी लावून बघितला म्हणून वाचलो.

वन टन दिसायला ट्रक, स्वभावाने जोंगाचा मोठा भाऊ. इंजिन तेच 3956 सीसीचं, चाकंही तशीच 16 इंची, पण मागे हौदा, वर कमान्या आणि ताडपत्री, पुढे तो सपाट मडगार्ड ज्यावर बसून चहा पिता येतो. मला विचाराल तर रिस्टोर करायला यासारखी गाडी नाही. सगळं उघडं आहे, पाना कुठेही पोचतो, वायरिंग चार तासांत समजतं, पत्रा जाड असल्यामुळे डेंटरला गंज कापून नवा तुकडा जोडायला जागा मिळते. पेट्रोल मात्र पितो, आमचा लिटरला 4 किमीच्या आसपास देतो, रिकामा. आणि हे इंजिन शिशाच्या पेट्रोलच्या काळातलं आहे, ते पेट्रोल देशात 2000 साली बंद झालं, आता तर पंपावर ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. त्यामुळे फ्युएल पंपाचा डायफ्रॅम, टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे रबरी पाइप आणि कार्बोरेटरची पॅकिंगं इथेनॉल सहन करणारी टाका, जुनी फुगतात आणि मग बोनेटखाली पेट्रोल टपकतं. हेड उघडलंच आहे तर मशीन शॉपमधून बिनशिशाच्या पेट्रोलला टिकणाऱ्या हार्ड व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या, तो खर्च परत परत करावा लागत नाही.

शक्तिमानबद्दल मन दुखतं म्हणून सरळ सांगतो. तो घरी ठेवायची गाडी नाहीये. ज्याच्याकडे राऊ-सिमरोलकडे शेत आहे, शेड आहे, आत ट्रक वळवता येतो, त्यानेच त्याचा विचार करावा. डिझेल आहे, दणकट आहे, 20 इंची ट्रकचे टायर लोहामंडीच्या बाजूला कुठेही मिळतात, इंजिनचा घोर लागत नाही. पण माळव्यातली काळी माती लक्षात घ्या, पावसाळ्यात ती पाणी पिऊन लोण्यासारखी होते आणि असा ट्रक एका चाकावर खचला की चेसिस पिळते. आमच्या ओळखीच्या एका शेतात तसाच एक उभा होता, श्रावणात त्याचं मागचं डावं चाक हबपर्यंत आत गेलं होतं, बाहेर काढायला दोन जेसीबी लागले. आधी मुरूम टाकून रोलर फिरवा, मग ट्रक आणा. दुसरं म्हणजे रिंगवाली चाकं, ज्यांत टायर लोखंडी लॉक रिंगने अडकवलेला असतो. जुनी, गंजलेली लॉक रिंग हवा भरताना सुटून उडाली तर माणूस जागेवर जातो, म्हणून चाक खोलायच्या आधी वाल्वची कोर काढून पूर्ण हवा सोडायची आणि भरताना लोखंडी पिंजऱ्यात किंवा निदान साखळीने बांधून, बाजूला उभं राहून भरायची. पंक्चरवाल्याने नाही म्हटलं तर त्याच्यावर चिडू नका, त्याचं बरोबर आहे.

लायसन्सचंही बघा. ग्रॉस वेट, म्हणजे गाडी आणि माल मिळून वजन, 7500 किलोच्या वर गेलं की कारचं लायसन्स पुरत नाही, हेवीचं लागतं. शिवाय आरसीवर गुड्स कॅरियर लिहिलं असेल, मग तो वन टन असो की शक्तिमान, तुम्ही त्यात एक वीटसुद्धा नेत नसलात तरी तो ट्रान्सपोर्ट वाहनच, आणि इतक्या जुन्या ट्रान्सपोर्ट वाहनाला दरवर्षी फिटनेस. जोंगाला ही कटकट नाही. ज्यांना आरटीओच्या फेऱ्यांचा खरोखर तिटकारा आहे त्यांनी इथेच थांबून जोंगा शोधावी.

कागदांवर थोडं जास्त लिहितो कारण पैसे इथेच बुडतात. गाडी दोन वाटांनी मिळते. एक, एमएसटीसी या सरकारी कंपनीचा ई-लिलाव, त्यात लष्कराचे लॉट निघतात, अनामत भरायची, जागेवर जाऊन बघायचं, जशी आहे जिथे आहे तशी उचलायची आणि ठरलेल्या मुदतीत नाही उचलली तर भाडं चढतं. एकट्या हौशी माणसाला यात अडचण म्हणजे लॉटमध्ये बऱ्याचदा एक नाही, पाच-दहा गाड्या असतात. आणि लॉट स्क्रॅप म्हणून विकलेला असेल तर त्यावर आरसी होईल ही आशाच सोडा. लष्कराची गाडी सेवेतून बाहेर पडली की तिला आपल्यासारखंच नव्याने रजिस्ट्रेशन लागतं, कायद्याचं कलम 60 तेच सांगतं. दुसरी वाट, आधीच कुणीतरी सिव्हिल नंबरवर चढवलेली गाडी. महाग पडते पण मी हीच सांगेन, आम्हीही हीच घेतली. नंबर प्लेटच्या जागी रंग हळूच खरवडून बघा, बाण आणि त्यापुढचे दोन आकडे दिसले तर ते लष्करात दाखल झाल्याचं वर्ष असतं, आरसीवरच्या वर्षाशी जुळतंय का पाहा. आमच्या गाडीच्या मागच्या फळीवर तीन थर निघाले, वर निळा, मग पिवळा आणि खाली तो हिरवा. त्या हिरव्यावर हात फिरवला तेव्हा मामेभाऊ काही वेळ बोललाच नाही, त्याचे वडील लष्कराच्या सिग्नल्समध्ये होते.

आणि तो हिरवा रंग परत मारायचा नाही, हे सगळ्यात जास्त लोकांना माहीत नसतं. केंद्रीय मोटर वाहन नियम 121 प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. आम्ही वाळूसारखा रंग दिला, आत डॅशबोर्डवर जुना तसाच ठेवला.

आता आणायचं कसं. जबलपूर ते इंदूर जवळजवळ 500 किमी. चालवत आणायची, दांडी लावून ओढत आणायची, की ट्राल्यावर, म्हणजे लांब ट्रेलरवर चढवून, या तीन वाटा. आम्ही आधी चालवत निघालो, कागद चालू होते, विकणाऱ्याच्या मिस्त्रीने ब्रेक एकदम मस्त आहेत म्हणून सांगितलं होतं. शहापुराच्या अलीकडे म्हशी आडव्या आल्या आणि पेडल थेट फळीला टेकलं. गिअर पाडून, हँडब्रेक खेचून गाडी कडेच्या मुरमात घातली म्हणून निभावलं. उतरून बघितलं तर मागच्या उजव्या चाकाच्या आतून तेलाची धार, व्हील सिलिंडरचं रबर वर्षानुवर्षं उभं राहून कडक झालं होतं आणि पहिल्या जोराच्या दाबाला फाटलं. उभ्या राहिलेल्या गाडीचे ब्रेक आवारात दहावेळा लागतात आणि रस्त्यावर अकराव्यांदा जातात. तेव्हा चालवत आणू नका, मालकाने कितीही सांगितलं तरी.

ओढून आणणं स्वस्त वाटतं, पण नियमाने दोन गाड्यांत 5 मीटरच्या आत अंतर आणि वेग ताशी 25 च्या आत. या वेगाने 500 किमी म्हणजे नुसत्या चालण्याचे 20 तास, रात्री हायवेवर, मागून कंटेनर. जवळच्या गावातून आणायची असेल तरच ठीक, आणि तेव्हाही दोन्ही प्रोपेलर शाफ्ट खोलून हौद्यात टाका, नाहीतर इंजिन बंद असताना चाकं आतले गिअर कोरडे फिरवत राहतात.

म्हणजे ट्राला. आम्हाला 48 हजार लागले, रडत दिले, पण आज परत दिले असते. जोंगा आणि वन टनला साधा लो-बेड, म्हणजे खालच्या बेडचा ट्राला पुरतो, येताना रिकामा येणारा शोधलात तर भाव उतरतो, शक्तिमानला मात्र लांब बेड आणि मोठा हायड्रा, म्हणजे क्रेन, दोन्ही टोकांना, म्हणजे खर्च बराच वर. चढवायच्या आधी ताडपत्री आणि कमान्या काढून ठेवा, नाहीतर वर विजेच्या तारा अडतात. हायड्रावाल्याला बंपरला हुक लावू देऊ नका, एक्सलखालून पट्टा घ्यायला लावा. बांधताना साखळी बॉडीला नाही, एक्सलला, कारण स्प्रिंगच्या पाट्यांवर बॉडी उसळते आणि साखळी ढिली पडते. चारी चाकांना लाकडी गुटके ठोका, आणि पहिल्या 30 किमीला थांबून परत आवळा, आमच्या दोन साखळ्या तिथे बोटाने हलत होत्या. ट्रालेवाला ई-वे बिल मागेल, आरसी, विक्रीचा करार आणि बिल यांची एक फाइल ड्रायव्हरकडे आणि एक तुमच्याकडे.

देवासच्या पुढे बायपासवर पोचायची वेळ पहाटेची ठेवा. दिवसा मोठ्या गाड्या शहरात घेता येत नाहीत आणि गल्लीत ट्राला वळत नाही, म्हणून उतरवायची जागा आधी पक्की करा, आम्ही देवास नाक्याच्या एका ओळखीच्या गोडाऊनसमोर उतरवून तिथून ट्रॅक्टरने ओढत शेडपर्यंत नेली. शेडच्या गेटची रुंदी टेपने मोजून ठेवली होती, आरशासकट, दोन्ही बाजूंना चार-चार बोटं उरली.