सेंट अँड्र्यूजचं घर, 2,640 पौंड आणि हात वर करणारी बँक

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला आठवड्यासाठी भाड्याने घेतलेलं घर मुळात नव्हतंच, पैसे चोराने नेले. आधी आकडे सांगून टाकते, म्हणजे कुणी खासगीत 'नक्की किती गेले गं?' असं विचारायला नको. 585 पौंड आगाऊ. 1,755 पौंड उरलेले. 300 पौंड 'परत मिळणारं' डिपॉझिट. एकूण 2,640, म्हणजे रुपयांत तीन लाखांच्या वर. त्यातले 485 परत मिळालेत, तेही भांडून.

पद्धत नेहमीचीच. फोटो कुणाच्या तरी खऱ्या घराचे, वेबसाइट एखाद्या एजन्सीसारखी, परीक्षणं पोत्याने. 'अजून दोन कुटुंबं याच तारखा विचारतायत' हे वाक्यही होतंच. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, मलाही ठाऊक होतं. म्हणून 'एवढ्या शिकलेल्या असून' हे वाक्य कृपया कुणी लिहू नका, ते घरात भरपूर ऐकून झालंय.

सासू-सासरे ऑगस्टमध्ये कोल्हापूरहून आमच्याकडे लीड्सला येणार होते. अप्पा निवृत्त इतिहास-शिक्षक. पन्हाळ्याचा वेढा शिकवण्यात हयात गेली. सेंट अँड्र्यूजच्या किल्ल्यात 1546-47च्या वेढ्यातला भुयारी मार्ग अजून आहे. वेढा घालणाऱ्यांनी बाहेरून खणायला घेतलं, आतल्यांनी त्यांना गाठायला आतून उलटं भुयार खणलं, आणि आज त्यातून वाकून जाता येतं. हे त्यांनी कुठेतरी वाचलं आणि हॉटेल-बिटेल नको, निवांत घर घेऊन आठवडाभर तिथेच राहू, असं ठरलं. कथीड्रलचे अवशेष, 1413चं विद्यापीठ, रविवारी गोल्फ बंद असताना ओल्ड कोर्सवरून चक्कर, सगळी यादी तयार.

गाव एवढंसं आणि त्यावर गोल्फवाल्यांची धाड. ऑगस्टमध्ये चार खोल्यांच्या घराचे भाव 2,700 पासून सुरू होत होते. हे घर 2,340 ला. लक्षात घ्या, अर्ध्या किमतीत नव्हतं. 'फार स्वस्त दिसलं की संशय घ्या' हा सल्ला चोरांनीही वाचलाय. ते साडेतीनशे-चारशेच कमी लावतात, म्हणजे आपल्याला वाटतं आपण शोधाशोध केली त्याचं फळ मिळालं.

आता ती जागा, जिच्यामुळे मला अजून रात्री झोप लागत नाही.

जाहिरातीत, स्वयंपाकघराच्या फोटोखाली लिहिलं होतं: 'सेंट अँड्र्यूज स्टेशनपासून चालत 6 मिनिटं.' सेंट अँड्र्यूजला स्टेशन नाही! 1969 सालीच तिथली रेल्वे बंद झाली. जवळचं स्टेशन ल्यूकर्स, तिथून 99 नंबरची बस. आणि हे मला माहीत होतं. यॉर्कला गाडी बदलून ल्यूकर्सपर्यंतची तिकिटं मीच काढली होती. एका टॅबमध्ये ल्यूकर्सची तिकिटं, शेजारच्या टॅबमध्ये 'स्टेशनपासून 6 मिनिटं', आणि मी बघत काय होते, तर आईंच्या गुडघ्यांसाठी तळमजल्यावर बाथरूम आहे की नाही. मी मनात म्हटलं, बस स्टेशन म्हणत असतील. गावात बस स्टेशन आहे, त्यामुळे खुलासा अगदी चपखल बसला. चोराने खोटं बोलायचीही गरज नव्हती, त्याच्या वतीने मीच बोलून घेतलं.

घर भाड्याने देणाऱ्यांनो, चिडू नका, पण जाहिरातीतलं एकेक वाक्य नकाशावर ठेवून बघा. स्टेशन, दुकान, समुद्र, सगळं. त्या गावात कधी न गेलेला माणूस असली एक तरी चूक करतोच.

585 पौंड ब्रिटनमधल्या खात्यात भरले. बँकेने नाव तपासलं, जुळलं, हिरवी खूण आली. आता कळतं की त्या खुणेचा अर्थ एवढाच, की चोराने ज्याचं खातं वापरलं त्याचं नाव त्याने मला बरोबर सांगितलं होतं. त्याआधी 'ही फसवणूक असू शकते' अशी पाटी आली होती, आणि बँक तीच मला आता नाचवून दाखवते. अहो, तीच पाटी मी नळवाल्याला पैसे पाठवते तेव्हाही येते! प्रत्येक वेळी भुंकणाऱ्या कुत्र्याकडे कोण बघतं?

मग महिन्याभराने मेल: आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, उरलेली रक्कम आणि डिपॉझिट या दुसऱ्या खात्यात भरा. आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खातेक्रमांक, 'एलटी'ने सुरू होणारा, म्हणजे लिथुआनियातला. हो, इथेही थांबायला हवं होतं. पण निम्म्या ब्रिटनचे व्यवहार आजकाल असल्या ॲपवाल्या खात्यांतून चालतात, आणि हा माणूस किती सभ्य! माझ्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर. आईंसाठी बाथरूममध्ये आधाराचा दांडा आहे का, विचारलं तर दांड्याचा फोटो पाठवला. परवाना क्रमांक विचारला तर म्हणे नूतनीकरण चालू आहे. थांबा, हे नीट ऐका. स्कॉटलंडमध्ये असं घर भाड्याने द्यायला आता परवाना सक्तीचा आहे, आणि तो क्रमांक जाहिरातीत छापावाच लागतो. कौन्सिल, म्हणजे तिथली पालिका, या परवान्यांची नोंदवही सगळ्यांसाठी खुली ठेवते. सेंट अँड्र्यूजसाठी फाइफ कौन्सिल. क्रमांक नाही, तर पैसे नाहीत. 'नूतनीकरण', 'प्रक्रियेत', 'एजंटकडे आहे', काहीही सांगोत. हे मला पैसे गेल्यावर कळलं, तुम्हाला आधी कळतंय.

1,755 आणि 300 मिळून 2,055 पौंड गेले लिथुआनियाला.

मग ऑगस्टमध्ये सेंट अँड्र्यूजला पोचलो. साउथ स्ट्रीटवर आम्ही पत्त्यातल्या घरक्रमांकाचं दार शोधत होतो. अलीकडचा क्रमांक आहे, पलीकडचा आहे, मधे दगडी कमान आणि आत कचऱ्याचे डबे. किल्लीच्या पेटीचा चार आकडी कोड माझ्या हातात, पेटी लावायला भिंतच नाही. अप्पा म्हणाले, 'अगं, मागच्या बाजूने असेल.' मागच्या बाजूला कुणाच्या तरी परसात कपडे वाळत होते. आईंनी बॅगेवर बसकण मारली आणि डब्यातली दशमी काढून खायला लागल्या, कारण औषधाची वेळ झाली होती. मुलं ओशाळून फुटपाथकडे बघत उभी. फोन लावला, नंबर बंद. मेल परत आली.

गावात एक खोली मिळेना. शेवटी तीच 99 नंबरची बस पकडून डंडीला गेलो, हॉटेलात दोन खोल्या, 268 पौंड. हे वरच्या हिशेबात धरलेलेच नाहीत.

आता खरा तमाशा. डंडीहूनच 101 ला, म्हणजे पोलिसांना, फोन केला. फोनवरच्या बाई म्हणाल्या, स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांनी आमच्याकडे तक्रार करायची, तुम्ही इंग्लंडात राहता, तुम्ही तिकडच्या ऑनलाइन केंद्रात करा. मी म्हटलं, बाई, घर तुमच्या हद्दीत आहे. त्या म्हणाल्या, पण घर तर नाहीच आहे ना. यावर काय बोलणार! ऑनलाइन केंद्राने लांबलचक अर्ज भरून घेतला, गुन्ह्याचा क्रमांक दिला, आणि काही दिवसांनी पत्र: तपासाच्या शक्यता पडताळून पाहिल्या, सध्या पुढे काही करता येत नाही. माझ्याकडे दोन खात्यांचे क्रमांक, वेबसाइटचा पत्ता, बत्तीस मेल, आणि यांना शक्यता दिसेना. लीड्सच्या पोलिसांनी तर तोच गुन्ह्याचा क्रमांक मागितला आणि 'म्हणजे तक्रार झालेली आहे' म्हणून फाइल मिटवली. माणूस इंग्लंडात, घर स्कॉटलंडात, पैसे लिथुआनियात. तिघांनाही पत्र लिहिलं की तिघंही उरलेल्या दोघांकडे बोट दाखवतात. वेबसाइट ज्या कंपनीच्या सर्व्हरवर होती तिला कळवलं, तर आपोआप येणारं उत्तर आलं, तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. (वेबसाइट किती जुनी आहे ते फुकटात बघता येतं. ही जेमतेम पाच आठवड्यांची होती, आणि परीक्षणं तीन वर्षांपूर्वीची!)

बँकेचं तर विचारूच नका. ब्रिटनमध्ये 7 ऑक्टोबर 2024 पासून नियम आहे की फसवून भरायला लावलेले पैसे बँकेने परत द्यायचे, 85,000 पौंडांपर्यंत, त्यातून 100 पौंडांपर्यंत कापून घेता येतात. हा नियम बँकेने मला आपणहून सांगितला नाही. मीच वाचून त्यांना सांगितला. मग पहिल्या भरण्यावर तीच इशाऱ्याची पाटी पुढे करून 'तुमचा निष्काळजीपणा' सुरू झाला. घसा कोरडा होईस्तोवर वाद घातल्यावर 585 मधून 100 कापून 485 हातावर ठेवले. आणि 2,055? 'तो नियम परदेशी खात्यांना लागू नाही.' नियमात खरंच तसं आहे. म्हणजे दुसरं खातं लिथुआनियातलं का होतं, ते चोराला माहीत, बँकेला माहीत, फक्त खातेदाराला माहीत नाही! त्या पैसे भरण्याच्या पडद्यावर एक ओळ टाका ना, 'या खात्यात भरलेत तर संरक्षण नाही.' पाट्या लावायची एवढी हौस आहे तर कामाची पाटी लावा.

आणि क्रेडिट कार्ड. 100 पौंडांच्या वरची वस्तू किंवा सेवा क्रेडिट कार्डाने घेतली की 1974च्या कायद्यानुसार कार्ड कंपनीही तेवढीच जबाबदार असते. 'कार्ड चालत नाही, थेट बँकेत भरा, 10 टक्के सूट' असं कुणी म्हणालं की फोन ठेवा. भारतातून पैसे पाठवणाऱ्यांनी तर दुप्पट सांभाळा. तिथे फसवणूक कळली त्याच तासात 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, सकाळची वाट बघू नका.

रस्त्याचा फोटो गूगलवर बघा, दार दिसलं पाहिजे. घराचे फोटो शोधयंत्रात टाका. मी नंतर टाकले, तेच स्वयंपाकघर कॉर्नवॉलमध्ये निघालं, दुसऱ्याच नावाने.

बँकेचं शेवटचं पत्र आता आलंय, चार पानी, खेद व्यक्त करणारं. पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत वित्तीय लोकपालाकडे जाता येतं आणि त्याला एक पैसा लागत नाही, हे त्यात चौथ्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात आहे. मी अर्ज केलाय, 2,055 साठी. कुणाचे पैसे असेच 'एलटी' आयबॅनवर गेले असतील आणि लोकपालाकडून काही हाती लागलं असेल, तर अर्जात नेमकं काय लिहिलं होतं ते कळवा.