मुलांच्या फायलीचे वेगळे पैसे

गेली सात वर्षे मी वडोदऱ्यात घरी बसून लंडनमधील एका कंपनीचे हिशेब पाहते. इतरांच्या बिलांमधील चुका शोधणे हाच माझा व्यवसाय असूनही मी स्वतः एका व्हिसा सल्लागाराला ३,२२,५०० रुपये एकाही पक्क्या पावतीवाचून दिले, हे आधीच सांगून टाकते.

२०२५ च्या सुरुवातीला आम्ही उभयतांनी, आठवीतील मुलगा आणि चौथीतील मुलगी यांच्यासह, दोन-तीन वर्षे स्पेनमध्ये राहण्याचा विचार केला. स्पेनने २०२२ च्या अखेरीस केलेल्या स्टार्टअप कायद्यानुसार परदेशी कंपनीचे काम दूरस्थ पद्धतीने करणाऱ्यांना तेथे राहण्याचा व्हिसा मिळतो, ज्याला सगळे डिजिटल नोमॅड व्हिसा म्हणतात, आणि त्याच वेळी जोडीदार व मुलांचेही अर्ज करता येतात. दांडिया बाजारातील एका परिचितांनी अलकापुरीतील एका सल्लागाराचे नाव सुचवले. तो मराठी होता, त्याच्या आजोबांचे घर रावपुऱ्यात असल्याचे निघाले आणि सासूबाईंनी तेवढ्यावरच त्याला ‘आपला माणूस’ ठरवून टाकले. मीही ठरवले, दोष केवळ त्यांना देणे योग्य होणार नाही.

पहिल्याच भेटीत त्याने माझे मासिक उत्पन्न विचारले. सुमारे ३,१०० युरो, असे सांगताच तो म्हणाला, “ताई, तुमची फाइल तर आरामात बसते. मुलांची काळजी करू नका, बारा वर्षांखालची मुले मोजत नाहीत आणि मोठ्याचे मी बघतो.” हे धादांत खोटे होते. मुख्य अर्जदाराला स्पेनच्या किमान वेतनाच्या दुप्पट उत्पन्न दाखवावे लागते. सोबत येणाऱ्या पहिल्या व्यक्तीसाठी, मग तो पती असो वा मूल, किमान वेतनाच्या ७५ टक्के आणि त्यानंतरच्या प्रत्येकासाठी २५ टक्के रक्कम त्यात मिळवली जाते. २०२५ चे किमान वेतन १,१८४ युरो असून ते वर्षातून चौदा वेळा दिले जाते, म्हणून बारा महिन्यांवर वाटल्यास ते सुमारे १,३८१ युरो होते. त्या हिशेबाने एकटीसाठी २,७६३, पतीसाठी १,०३६ आणि दोन मुलांसाठी प्रत्येकी ३४५, म्हणजे आम्हा चौघांना दरमहा ४,४८९ युरो, रुपयांत सव्वाचार लाखांच्या वर, दाखवावे लागणार होते. माझ्या कमाईवर मी एकटीच पात्र ठरत होते. एक मूलही सोबत नेता आले नसते. हे गणित करायला मला दहा मिनिटे लागली, पण ती दहा मिनिटे मी पैसे देऊन झाल्यावर काढली.

त्याने फी म्हणून ८५,००० रुपये घेतले. पंधरा दिवसांनी ‘आश्रित मूल नोंदणी’ या नावाखाली प्रत्येक मुलाचे ४०,००० मागितले. अशी कोणतीही नोंदणी अस्तित्वात नाही. मुलाचा अर्ज हा अर्जच असतो आणि त्याला जन्मदाखला, पासपोर्ट व आरोग्य विमा लागतो. त्यानंतर व्हॅलेन्सियातील सरकारी शाळेत ‘जागा राखून ठेवण्यासाठी’ दोघांचे मिळून १,१०,००० रुपये घेतले. शाळेचे वर्ष वाया जाईल, ही भीती त्याने नेमकी हेरली होती. माझ्या स्वतःच्या कागदांविषयी मी प्रत्येक वेळी दोनदा विचारत असे, परंतु ‘मुलांचे’ हा शब्द कानावर पडला की मोबाइल उघडून यूपीआयने रक्कम पाठवून मोकळी होत असे, तीही कंपनीच्या नव्हे तर कोणा एका बाईच्या बचत खात्यात.

उरलेले ४७,५०० रुपये अपोस्टिलचे, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून त्यावर लावल्या जाणाऱ्या सरकारी प्रमाणपत्राचे होते: विवाह नोंदणीचा दाखला, मुलांचे दोन जन्मदाखले, माझी पदवी आणि पारपत्र कार्यालयाचे पोलीस क्लिअरन्स, अशा पाच कागदांचे प्रत्येकी ९,५००. जन्मदाखले खंडेराव मार्केटच्या इमारतीतील महापालिकेतून मीच आणून दिले होते. परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिलचे शुल्क प्रत्येक कागदाला ५० रुपये आहे. त्यावर राज्य पातळीवरील प्रमाणीकरणाचा आणि कागद नेणाऱ्या अधिकृत संस्थेचा खर्च येतो हे खरे, पण तो धरूनही ९,५०० होत नाहीत.

संशय आला तो शाळेमुळे. मुलीला शाळेचा फोटो पाहायचा होता, म्हणून मी त्या शाळेला थेट ई-मेल पाठवला. चौथ्या दिवशी उत्तर आले की सरकारी शाळेत ठेव घेतली जात नाही, परदेशातून जागा राखता येत नाही, आणि आधी येऊन नगरपालिकेत रहिवासाची नोंद करावी लागते. स्पेनमध्ये सहा ते सोळा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे व विनाशुल्क आहे, हेही त्यातच लिहिले होते. त्याच रात्री मी अपोस्टिलच्या स्टिकरवरील क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर एकेक करून तपासले. पाचपैकी तीन सापडलेच नाहीत आणि दोन भलत्याच कुणाच्या कागदांचे निघाले. ते कागद वकिलातीत गेले असते तर बनावट कागदपत्रे दिल्याचा ठपका माझ्या नावावर बसला असता, त्याच्या नव्हे.

दुसऱ्या दिवशी दीर आणि मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा मुलांचे पासपोर्ट हवे असतील तर ‘बाकी’ भरा, असे त्याने सांगितले. पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता असते आणि खासगी माणसाला तो अडकवून ठेवण्याचा अधिकार नाही. हे दिरांनी शांतपणे सांगून पोलीस ठाण्याचा उल्लेख केल्यावर अर्ध्या तासात चारही पासपोर्ट टेबलावर आले. पैशांपैकी ६०,००० परत मिळाले, बाकीच्यासाठी तारखा मिळाल्या.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर मी पहिला फोन केला तो शेवटची रक्कम देऊन अडीच महिने झाल्यावर, तोपर्यंत ते खाते रिकामे झाले होते. तोच फोन पैसे गेल्याच्या दिवशी केला तर रक्कम गोठवण्याची शक्यता राहते. पोलिसांकडे फसवणुकीची व बनावट कागदांची लेखी तक्रार दिली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही अर्ज केला असून पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तेथे शुल्क भरावे लागत नाही. दोन्ही ठिकाणी उपयोगी पडले ते यूपीआयचे व्यवहार क्रमांक आणि त्याचे व्हॉइस मेसेज, जे मी सुदैवाने पुसले नव्हते.

मुले जूनमध्ये जुन्याच शाळेत गेली. गेल्या आठवड्यात अलकापुरीतून जाताना पाहिले, त्या जिन्यावरची पाटी बदलली आहे. संस्थेचे नाव नवे, देश वेगळा, खाली फोन क्रमांक मात्र तोच.